अकरा नावांची यादी

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मी बनवून सांगत नाही. ज्याच्यासोबत हे घडलं तो हसनैन रोज माझ्या टपरीवर चहा घेतो, आणि दुपारचे तीन वाजत आले की अजूनही कप अर्धाच टाकून दुकानाकडे धावतो.

जागा केनवड, तालुका रिसोड. दिवस यंदाच्या शबे-बरातचा, आपल्या मयतांच्या कबरीवर जाऊन दुआ मागायचा.

आणि रात्र नव्हती बरं का... भर दुपार होती.

हसनैनचं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. दिवसभर लोक येतात आणि एकच विचारतात, "यादीत माझं नाव हाय का पाय." घरकुलाची यादी, रेशनची यादी, मतदारांची यादी. हसनैन पाहून सांगतो.

पण त्याच्या कम्प्युटरमध्ये आणखी एक यादी होती.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गावाबाहेरच्या कब्रस्तानात एका ओळीत अकरा कबरी झाल्या. घरचे कोणी दवाखान्यात, कोणी घरात कोंडलेले. मयत पुरायला चारच जण, त्यातला एक हसनैन. अंगावर ते प्लास्टिकचं किट, चष्म्यावर वाफ. कोणाला कुठे ठेवलं ते त्यानं खोक्याच्या पुठ्ठ्यावर लिहिलं, नंतर कम्प्युटरवर उतरवलं आणि पुठ्ठा जाळून टाकला. कबरी कच्च्या. दगड नाही, पाटी नाही. पाच पावसाळ्यांत काळी माती बसली आणि अकराही जागा सारख्याच दिसू लागल्या.

कोण कुठे आहे हे सांगणारी ती एकच यादी उरली.

मी त्याला दहादा म्हटलं, पेनड्राइव्हवर घेऊन ठेव रे बाप्पा.

"घेतो ना भाऊ, काहून घाई करून राह्यले?"

कम्प्युटर रोज अपडेट मागायचा. हा रोज 'नंतर' दाबायचा. शबे-बरातच्या सकाळी कम्प्युटरनं विचारलंच नाही...

स्वतःच अपडेट सुरू केलं.

निळा पडदा. टक्के चढत गेले. खाली एकच ओळ, 'कम्प्युटर बंद करू नका.'

साडेअकराला चालू झाला तर सगळं चकाचक. लेकरांचे फोटो नाहीत. कागदपत्रं नाहीत. हसनैननं कोपरा न् कोपरा धुंडाळला. रिसोडच्या दुरुस्तीवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "गेलं ते गेलं, भाऊ."

यादी गेली होती. सोबतच्या तिघांनाही विचारलं, एकालाही क्रम आठवेना.

आणि दोनच तासांनी जवळच्या रिठद गावाहून सकीनाखाला, म्हणजे सकीनामावशी, आली.

खालाचा नवरा फय्याज त्या अकरांपैकी एक. तो गेला तेव्हा ती स्वतः वाशिमला दवाखान्यात, नाकाला नळी. मूलबाळ नाही. तोंड पाहायला मिळालं नाही, मातीही देता आली नाही. तिच्या हातात राहिली ती फक्त कबर. दरवर्षी शबे-बरातला ती यायची, बायका आत जात नाहीत म्हणून कब्रस्तानाच्या भिंतीबाहेर उभी राहायची. हसनैन यादी पाहून आत जायचा, फय्याजच्या कबरीवर पाणी शिंपडायचा, फूल ठेवायचा. खाला भिंतीवरून डोळे भरून पाहायची.

यंदा हसनैन तसाच आत गेला.

लिंबाच्या झाडापासून मोजलं. पाचवी, सहावी, सातवी... नेमकी कोणती, काही आठवेना.

"तेच हाय ना रे बेटा?" भिंतीपलीकडून आवाज आला.

खरं सांगायला जीभ रेटली नाही. त्यानं सातवीवर पाणी ओतलं, फय्याजचं नाव घेऊन फातेहाची दुआ पढली.

"हो खाला. तेच हाय."

पाठीमागे कोणीतरी खोकलं.

वळून पाहिलं... आत दुसरं कोणीच नव्हतं.

त्या दिवशी बाकीच्या घरच्यांना तोंड दाखवायला नको म्हणून त्यानं दुकानाचं शटर ओढलं आणि घर गाठलं.

दुसऱ्या दिवशी, दुपारी तीन. तूर काढणीचे दिवस, रस्ता ओस. दुकानातल्या बाकावर एक म्हातारा येऊन बसला. तोंडाला निळा मास्क. धुळीसाठी बांधला असेल, हसनैनला वाटलं.

"यादीत माझं नाव हाय का पाय."

"कोनती यादी, काका?"

म्हातारा कम्प्युटरच्या पडद्याकडेच पाहत राहिला.

"बरं, नाव सांगा."

"तुले माहीत हाय."

हसनैननं मान वर केली. बाक रिकामा. जिथे माणूस बसला होता तिथे ओली काळी माती... आणि मयताला लावतात त्या कापराचा वास.

तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशीही तेच. पाचव्या दिवशी हसनैननं दुकान उघडलंच नाही, गाडीला किक मारली आणि रिठद गाठलं.

खाला दाराबाहेर उन्हात बसलेली.

"खाला, बाहेर काहून बसल्या?"

"घरात कोनीतरी येऊन बसते, बेटा. तू पानी टाकलं त्या दिवसापासून. दिसत नाई. खोकते... अन् चहा मांगते."

"फय्याजखालू असतील."

"नाई रे." खालानं पदर तोंडावर घेतला. "माया मानूस जिंदगीत चहाले शिवला नाई."

म्हणजे सातव्या कबरीतला भलताच कोणी फय्याजच्या नावानं तिच्या घरी आला होता. हसनैन तिथेच मातीत बसला आणि यादी गेल्याचं, अंदाजानं पाणी टाकल्याचं सगळं सांगून मोकळा झाला. खाला रागावली नाही, ओरडली नाही. तिनं एवढंच विचारलं,

"मंग माया मानूस कुठी हाय?"

ते हसनैनला माहीत होतं. रोज तीनला त्याच्या दुकानातल्या बाकावर.

दुसऱ्या दिवशी खाला त्याच्या दुकानात बाकावर बसली. तीनला पाच मिनिटं असताना लाइट गेली. कम्प्युटरचा पडदा काळा झाला, त्यात मागचा बाक दिसत होता. बाकावर खाला एकटी.

तरी बाक करकरला...

"यादीत माझं नाव हाय का पाय."

"हेच हायत," खाला पुटपुटली. ती रडत होती. "अजी, तुमीच सांगा ना. कोनत्या कबरीत हाय तुमी? म्या पानी कुठी टाकू?"

खालानं बाकाच्या रिकाम्या बाजूकडे हात पुढे केला.

मग मास्कमागून आल्यासारखा, घुसमटलेला आवाज...

"सकीना, तेच त इचारून राह्यलो मी."

लाइट आली. बाकावर खालाच्या बाजूला ओली माती होती.

खाला रिठदला परत गेली नाही. केनवडलाच बहिणीकडे राहते आणि रोज तीनला त्या बाकावर येऊन बसते. हसनैन रोज कम्प्युटर उघडतो, शोधतो, मान हलवतो. पुढच्या शबे-बरातला बाकीच्या दहा घरची माणसं येणार. त्यांना कुठे बोट दाखवायचं, हे ना त्याला कळत, ना मला.

रिठदचं घर कुलूपबंद आहे. तिथे आता चहा द्यायला कोणी नाही.

काल दुपारी टपरीवर मी एकटाच होतो. पाठीमागे कोणीतरी खोकलं...

आणि चहा मागितला.

मी कप भरून फळीवर ठेवला. वळून पाहिलं नाही.