दोघींच्या मधली रेघ

मुलांनो, घटकाभर घार व्हा. देवळीजवळच्या एका कापसाच्या शेतावर उंच तरंगा आणि खाली बघा. माणसांचे चेहरे दिसत नाहीत. डोक्यावरचे रुमाल आणि पसरलेल्या सावल्या, बस. खेटून वाकलेल्या दोन बाया वरून एकच ठिपका वाटतात. आता सांगा, त्यांच्या मधली रेघ कुठून काढाल?

गुंजनची ताई हेच काम करायची. ड्रोनने टिपलेले शेतांचे फोटो तिच्या लॅपटॉपवर यायचे आणि ती प्रत्येक माणसाभोवती कड काढायची; पुढे यंत्रालाही माणूस ओळखता यावा म्हणून. दिवाळीच्या सुट्टीत गुंजन तिला चिकटून बसे.

"पाह्य," ताई दाखवायची, "पऱ्हाटीची फांदी आडवी आली म्हणून एका बाईचे दोन तुकडे दिसून राह्यले. त्याइले जोडाचं. अन् इथं दोघी एकात गेल्या, त मधून रेघ ओढून तोडाचं."

"अन् चुकलं त?"

"त तुह्यावानी आगाऊ पोरगी तयार होते."

सोमवारी ताई नोकरीसाठी पुण्याला जाणार होती. गुंजनने त्याबद्दल बोलणंच सोडलं होतं.

शनिवारी दुपारी एक फोटो उघडला आणि ताई हसली. त्यांचंच शेत होतं. दोघी जणी अगदी जवळ उभ्या राहून कापूस वेचत होत्या.

"अवं, ह्या त आपण!"

तिने दोघींभोवती वेगवेगळी कड काढली, एक लाल, एक पिवळी, आणि चहा मांडायला आत गेली.

गुंजनने दोन्ही आकृत्या निवडल्या. 'जोडा' दाबलं. मधली रेघ विरघळली. लाल-पिवळं मिसळून पिकल्या संत्र्याचा रंग झाला.

"आता जाशीन कशी?" ती पुटपुटली.

आत ताईने चहाचा पहिला घोट घेतला. इथे गुंजनची जीभ पोळली.

संध्याकाळी दोघी एकदमच शिंकल्या. आई, छायाबाई, हसली. रविवारी सकाळी गुंजनने अर्धवट सोडलेलं वाक्य ताईने पूर्ण केलं, गुंजनच्याच आवाजात. दोघी अंगणात उभ्या होत्या, पाठीवर कोवळं ऊन होतं, आणि सारवलेल्या जमिनीवर सावली एकच होती. गुंजनला छान वाटलं. झोपेत कोणी पांघरूण घालावं, तसं.

दुपारी आईने एकच ताट वाढलं.

"माय, ताईचं?"

"कोणती ताई व? जेव मुकाट्यानं."

ताई शेजारीच बसली होती. तिच्यातून मागची भिंत दिसत होती. निळा चुना, कॅलेंडर, त्यावरची तारीखसुद्धा.

गुंजन उठून पळाली. लॅपटॉप उघडला. 'तोडा' दाबून तिने आकृतीतून रेघ ओढायला घेतली. हा खांदा कोणाचा? हा रुमाल?

आकृती दुभंगली. डावीवर आपोआप 'गुंजन' उमटलं. उजवीवर रिकामी चौकट.

नाव लिहा.

एरवी तिथे नुसतं 'माणूस' चालायचं. आज चालेना. बिननावाची आकृती यंत्र पुसून टाकतं, हे गुंजनला ठाऊक होतं. उजवी कड फिकट होऊ लागली.

तिला ताईची वेणी आठवली. हाताचा वास आठवला. नाव आठवेना.

"माय, ताईचं नाव काय व?"

"कोणाचं?"

कड आणखी फिकटली.

गुंजनने डावीवरचं आपलं नाव खोडलं आणि तेच उजवीच्या चौकटीत लिहिलं. उजवी कड ठळक झाली, डावी फिकटू लागली.

मधल्या खोलीत बांगड्या वाजल्या.

"गुंजन, जेवण थंडं होऊन राह्यलं!" आईने हाक मारली.

"आली, माय," मधल्या खोलीतून कोणीतरी म्हणालं.

गुंजनने दाराच्या कडेला सरकून त्या पावलांना वाट करून दिली.