आरशातला साहेब

बस थांब्यावरून सुटली होती, दारं मिटली होती, आणि तेवढ्यात मागच्या दारावर कुणीतरी थाप मारली.

एकदा थांबा सोडला की दार उघडायचं नाही, हा नियम. बस चालवणाऱ्या मुलीला तो झोपेतही म्हणता आला असता. पण तिनं बाहेरच्या आरशात पाहिलं, तर एक तरुण बसच्या बरोबरीनं धावत होता. शर्ट अर्धा खोचलेला, अर्धा बाहेर. एका बुटाची नाडी मागे फरफटतेय. आणि चेहरा असा, की जणू जगातली शेवटची बस चालली आहे. तिला हसू आलं. हसू आलं की तिचा पाय आपोआप ब्रेकवर जायचा.

दार उघडलं. तो आत आला, दांड्याला लोंबकळला आणि धापा टाकत ओरडला, "आभारी आहे हं! थांबाल असं वाटलं नव्हतं."

"मलाही वाटलं नव्हतं," तिनं पुढूनच उत्तर दिलं. "आता ती नाडी बांधा. नाहीतर पुढच्या ब्रेकला थेट माझ्या केबिनमध्ये येऊन पडाल."

बसमधली दोन-चार माणसं हसली. तोही हसला.

बस चालवणाऱ्याला प्रवासी कधी समोरून दिसत नाहीत. दोन्ही दारं पाठीमागे, पाठीशी जाळी, आणि डोक्यावर एक लांबट आरसा. त्या आरशातच त्याचं सगळं गणगोत. त्या दिवशी आरशात तो नवा माणूस बसला, त्यानं बोटांनी केस नीट केले – भांग उजवीकडे – आणि मान वर केली. नजरेला नजर भिडली. तिनं झटकन रस्त्याकडे पाहिलं.

पुढचा थांबा आला. माणसं उतरली, चढली. आणि तिला एक बारीक आवाज ऐकू आला... टक. टक-टक. टक.

आवाज त्याच्या खिशातून येत होता.

शेवटच्या थांब्यावर तिनं इंजिन बंद केलं आणि नेहमीसारखी मागे वळली. कुणी झोपलेलं राहिलं नाही ना, कुणाची छत्री राहिली नाही ना, हे ती रोज स्वतःच्या डोळ्यांनी बघायची. तिथे आरशावर तिचा भरवसा नव्हता. बस रिकामी होती. फक्त कंडक्टरबाई पुढे येत होती. तिला लहानथोर सगळे मावशी म्हणायचे.

"तो पोरगा बघितलास?" मावशीनं आवाज खाली आणला. "प्रत्येक थांब्याला खिशात काहीतरी दाबत होता. स्टेडियमच्या मोठ्या फाटकाशी उतरला आणि लगेच रस्ता ओलांडून परतीच्या बसला उभा! त्याला कुठे जायचंच नव्हतं गं."

"मग?"

"मग काय मग? साहेब आहे तो, साध्या कपड्यातला. त्या मिशीवाल्या ड्रायव्हरला घरी बसवलं ते कसं? असाच एकजण प्रवासी होऊन आला होता. आणि तू थांबा सोडून दार उघडलंस! मुद्दाम धावला असेल तो. तुझी परीक्षा घेतली."

"आणि नाडी?"

"तीही मुद्दाम सोडली," मावशी ठामपणे म्हणाली.

संध्याकाळपर्यंत मावशीनं ही बातमी डेपोभर केली. साहेब फिरतोय, सांभाळून राहा. त्या मार्गावरचे सगळे चालक एका दिवसात शहाणे झाले.

आता इथे त्या वळणाबद्दल सांगायला हवं. फुटबॉल स्टेडियमची मागची भिंत जिथे संपते, तिथे रस्ता दुमडलेल्या कोपरासारखा वळतो. त्या वळणावर मोठ्या रुग्णालयाचं मागचं फाटक आहे. ठरलेला थांबा तिथे नाही. तो अलीकडे, स्टेडियमच्या मोठ्या फाटकाशी. पण पायाला प्लास्टर घातलेला माणूस एवढं अंतर कसा चालणार? दिवसभर उभ्या असलेल्या नर्सबाई कशा चालणार? तर ही माणसं वळणावर हात करायची आणि बस थांबायची. हे कुणी ठरवलं नव्हतं आणि कुणी मोडलंही नव्हतं. तिची स्वतःची आईसुद्धा त्याच रुग्णालयाच्या धुलाईखान्यात होती. चादरींच्या घड्या घालून हात भरून आले की आई तिथूनच बस पकडायची.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आरशात होता. वळण आलं. हात वर झाले. सगळ्यात पुढे आईचा हात, त्यात निळी पिशवी. लेकीनं ओठ घट्ट मिटले, स्टेअरिंग घट्ट धरलं आणि बस तशीच पुढे नेली.

घरी आई गरम पाण्यात पाय सोडून बसली होती.

"आई, अगं, साहेब होता गाडीत."

"असू दे की! साहेबानं स्वतःच्या आईला एवढं चालवलं असतं का? पोटची पोर मला बघते काय, गाडी पळवते काय!" आईनं पाणी ढवळलं. मग बारीक डोळे करून विचारलं, "दिसायला कसा आहे?"

"कोण?"

"साहेब."

"मी कशाला बघू?"

"एवढा मोठा आरसा आहे तुझ्या डोक्यावर," आई म्हणाली, "म्हणून विचारलं."

तो रोज येऊ लागला. आणि तिला रोज त्याचा संशय येऊ लागला. त्यानं एका आजोबांना जागा दिली – दाखवायला, तिनं मनात म्हटलं. त्यानं रडणाऱ्या बाळाला तोंडं वेडीवाकडी करून हसवलं – हेही दाखवायला. एकदा भुरभुर पाऊस होता, काचेवरचा वायपर कुरकुरत होता, आणि तो जाळीजवळ येऊन म्हणाला, "तुमच्या वायपरला सर्दी झालीय."

"चालकाशी बोलू नये, असं तिथे लिहिलंय," ती म्हणाली.

"मी वायपरशी बोलत होतो."

तिला हसू आलं. पण पाय ब्रेकवर गेला नाही... या वेळी तिनं तो जाऊ दिला नाही.

एक गोष्ट मात्र तिला कोड्यात टाकायची. वळण आलं, बाहेर हात वर झाले आणि बस न थांबता गेली, की तो आधी खिडकीबाहेर बघायचा आणि मग आरशात, थेट तिच्याकडे. त्याच्या कपाळावर आठी असायची. तिला वाटायचं, हा टपून बसलाय. मी थांबते कधी आणि हा धरतो कधी. पण मग ती थांबली नाही की याचा चेहरा पडायचा का?

मग तो यायचा बंद झाला. आणि काही दिवसांनी स्टेडियमच्या भिंतीवर एक भला मोठा नकाशा लागला.

जेवणाच्या सुट्टीत ती बघायला गेली. स्टेडियम वाढणार होतं. नवी गॅलरी येणार होती आणि ती बरोबर वळणावर येऊन बसणार होती. तो रस्ता बंद. सामन्याच्या दिवसाची गर्दी मावावी म्हणून बस कायमची पलीकडच्या हमरस्त्यानं जाणार, म्हणजे रुग्णालयाला वळसा घालून, दूरवरून. खाली बारीक अक्षरांत कारण दिलं होतं: वळणावर प्रवाशांची चढ-उतार आढळली नाही.

"आढळली नाही?" ती मोठ्यानं म्हणाली.

"मलाही ते पटलं नव्हतं," शेजारून कुणीतरी म्हणालं.

तिनं वळून पाहिलं. क्षणभर तिला ओळखच पटली नाही. चेहरा तोच, पण काहीतरी उलटंपालटं झालेलं. आणि ती एकदम बोलून गेली, "तुमचा भांग डावीकडे आहे!"

"लहानपणापासून."

"आरशात उजवीकडे असतो."

"म्हणजे बघत होता तुम्ही."

तिचे कान तापले. "गाडी चालवायला आरसा बघावाच लागतो."

"तो बाहेरचा. आतल्याचं काय?"

"विषय बदलू नका, साहेब. झालं ना समाधान? कितीजणांचे रिपोर्ट दिलेत?"

"साहेब?" त्यानं खिशातून एक लहानसं यंत्र काढलं. बटण दाबलं की आकडा पुढे सरकायचा... टक. "मी रस्ते खात्यातला मोजणीवाला. स्टेडियम वाढवायच्या आधी कोण कुठे चढतं, कोण कुठे उतरतं, ते मोजायचं. चालकांना सांगायचं नाही, अशी आमची पद्धत. सांगितलं की माणसं वेगळी वागतात."

ती त्याच्याकडे बघतच राहिली.

"आणि न सांगितल्यामुळे," ती हळूहळू म्हणाली, "आम्ही सगळे वेगळे वागलो."

मग तिनं त्याला सगळं सांगितलं. मिशीवाला, मावशी, वर झालेले हात, निळी पिशवी... ऐकता ऐकता तो भिंतीला टेकला.

"पहिल्या दिवशी तुम्ही माझ्यासाठी दार उघडलंत," तो म्हणाला. "दुसऱ्या दिवसापासून मी त्याच चालकबाईंना शोधत होतो. त्या पुन्हा दिसल्याच नाहीत. म्हटलं, ज्या बाईनं माझ्यासारख्या धांदरटाला घेतलं, ती प्लास्टरवाल्याला सोडून कशी जाते? काहीतरी लपवताय, असं वाटायचं."

"म्हणजे तुम्हालाही माझा संशय होता?"

"फार."

त्यानं यंत्र खिशात टाकलं. मग तो म्हणाला, "माझी मोजणी चुकली, हे मी उद्याच्या बैठकीत सांगणार आहे. पण माझ्या एकट्याचं कोण ऐकणार? तुम्ही याल? वळणावर रोज थांबायचो, असं तुमच्या तोंडून सांगाल?"

आणि तिच्या मनात पुन्हा पाल चुकचुकली. एखाद्या खऱ्या साहेबाला तिच्याकडून नेमकं हेच तर हवं असणार! सगळ्यांसमोर तिनं स्वतः कबूल करायचं, की हो, मी नियम मोडते.

"सापळा आहे," मावशी म्हणाली. "गोड बोलून गळ्यात हात आणि मग हातात नोटीस."

आईनं मात्र तेलाची वाटी जवळ ओढली. मग पायांना तेल चोळत ती म्हणाली, "नोकरी तुझी आहे. तुला काय वाटतं त्याच्याबद्दल?"

"मला कळत नाही, आई. आरशात सगळं उलटं दिसतं."

"मग समोर जाऊन बघ."

बैठकीच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. ती बाहेर थबकली. आतून एक जाडाभरडा आवाज आला, "म्हणजे एवढ्या दिवसांची मोजणी वाया? ही चूक तुझ्या नावावर लागेल, समजतंय ना?"

"समजतंय," त्याचा आवाज आला. "पण चालकांवर ठपका नको. मी सांगितलं असतं, तर ते थांबले असते."

ती अजून आत गेली नव्हती. ती येईल की नाही, हेही त्याला ठाऊक नव्हतं. तरी तो आधीच सगळं स्वतःवर घेऊन मोकळा झाला होता.

तिनं दार ढकललं. गणवेशाची कॉलर सरळ केली. "मी त्या मार्गावरची चालक," ती म्हणाली. "वळणावर मी रोज थांबायचे. नियम मोडून थांबायचे. हवं तर नोटीस द्या, पण तिथली माणसं मोजा."

नोटीस नाही, पण डेपोत बोलणी मात्र भरपूर खावी लागली. मोजणी पुन्हा झाली, या वेळी सांगूनसवरून. वळणावर इतकी माणसं निघाली, की गॅलरी आत सरकवून रस्ता ठेवावा लागला, आणि वळणावर थांब्याचा खांब रोवला गेला. तिथून पहिल्यांदा रीतसर चढली ती आई. "आज ओळख दिलीस वाटतं," जाताजाता तिनं टोमणा मारलाच.

पण तो दिसला नाही. मोजणीला दुसरीच माणसं आली होती. झालं, तिनं मनाशी म्हटलं. काम झालं, पळाला.

आणि एका संध्याकाळी, बस थांब्यावरून सुटल्यावर, मागच्या दारावर थाप पडली.

तिचा पाय ब्रेकवर गेला.

तो धापा टाकत आत आला. दोन्ही नाड्या सुटलेल्या. मावशी खिडकीबाहेर बघत खुदकन हसली. स्टेडियमचं मोठं फाटक आलं, गेलं. तो उतरला नाही. वळण आलं, गेलं. तो उतरला नाही. खिशातून टक असा आवाजही नाही.

"मोजणी तर संपली," ती आरशात बघत म्हणाली. "मग आज कुठे?"

"शेवटच्या थांब्याला."

"तिथे काय आहे? डेपोची भिंत आणि एक नळ."

"मावशी म्हणाल्या..." तो अडखळला. "मावशी म्हणाल्या, तिथे पोचलं की तुम्ही इंजिन बंद करता आणि मागे वळून बघता. कुणी राहिलंय का ते."

उरलेल्या रस्त्यात तिनं आरशात एकदाही पाहिलं नाही.

शेवटचा थांबा आला. सगळे उतरले. मावशीला आज उतरायची भलतीच घाई होती.

तिनं इंजिन बंद केलं... आणि मागे वळून पाहिलं.

"कुणीतरी राहिलंय वाटतं," ती म्हणाली.

"हो," तो म्हणाला. "राहायचंच होतं."

भांग डावीकडेच होता.

"आधी नाड्या बांध," ती म्हणाली. "मग बोलू."