सहाशेवरची कडी

रायफल आजोबांचीच ठरली, तर नातवाला संग्रहालयाच्या समितीत खुर्ची मिळणार होती आणि दालनाच्या दारावर घराण्याचं नाव लागणार होतं. मला त्याच संग्रहालयातल्या चाळीस जुन्या बंदुकांच्या देखभालीचं काम मिळणार होतं. तोट्यात कोणीच दिसत नव्हतं. असा सौदा दिसला की एरवी मी सावध होतो. त्या दिवशी नाही झालो.

नातू रायफल चादरीत गुंडाळून माझ्या बंदूक दुरुस्तीच्या कारखान्यात आला, तेव्हा सोबत त्याची आत्या होती. आईबापांमागे त्यांनीच त्याला वाढवलेलं.

"आजोबांनी हिच्या जोरावर खिंड राखली," नातू म्हणाला.

"बाबा फौजेत स्वयंपाकी होते," आत्या म्हणाल्या. "त्यांनी राखली ती चूल."

"आत्या, तू गप्प बस गं."

"बसते. आधी खुर्चीवरची चादर उचल."

मी बोल्ट काढून खणात ठेवला, नळीत चिंध्या फिरवल्या, दस्त्याला जवसाचं तेल चोळलं. नळीवर नेम धरायची उभी पट्टी होती. तिच्यावर अंतराचे आकडे आणि त्यांवरून वरखाली सरकणारी कडी. कडी सहाशेवर गंजून बसलेली. तेल सोडलं, ठोकून पाहिलं, हलली नाही.

ओळख पटवायला फार डोकं लागलं नाही. दस्त्याच्या पितळी टोकावर चार आकडी क्रमांक ठोकलेला होता. आजोबांच्या फौजेच्या कागदावर वेगळाच होता.

"मग ही कोणाची?" मी विचारलं.

नातू छताकडे बघू लागला. आत्या म्हणाल्या, "सोबत्याची. डोंगरावर त्याच्या पायात गोळी लागली होती. 'ही दे, मदत घेऊन येतो,' म्हणाले बाबा. आणि थेट घरी आले."

"कानस आहे ना तुमच्याकडे?" नातवाने मला विचारलं.

आमच्या धंद्यात हाती आलं ते जपायचं असतं, खरवडायचं नसतं. मी चाळीस बंदुका आठवल्या आणि कानस उचलली.

पितळ पातळ होतं, म्हणून रोज एकच आकडा घासायचा ठरवलं. पहिला गेला. दुसऱ्या सकाळी कडी चारशेवर होती. तेल उशिरा मुरलं असेल, म्हटलं.

दुसरा आकडा गेला. कडी तीनशेवर. मी ती दोऱ्याने करकचून बांधली.

तिसऱ्यानंतर पाहिलं, तर दोरा तीनशेवरच होता, गाठही माझीच. कडी दोनशेवर होती.

तरी मी चौथा आकडा घासला. एवढं केल्यावर मागे फिरणं माझ्या हिशेबात बसत नव्हतं.

दुपारी दोघं रायफल आजोबांचीच असल्याचा माझा दाखला न्यायला आले. बाहेर लख्ख ऊन, समोर सरळ, रिकामा रस्ता. नातवाने रायफल खांद्याला लावली.

"आत्या, फोटो काढ."

मग म्हणाला, "हा कोण?"

"कुठे?"

"हा काय. लंगडतोय."

मी रस्त्याकडे पाहिलं. एक कागद उडत होता, बस्स.

"ठेव ती खाली," आत्या म्हणाल्या.

त्याला ठेवता येईना. गाल लाकडाला चिकटल्यासारखा. त्याच्या नाकासमोर कडी खाली येत होती. शंभर. पन्नास.

"हात पुढे केलाय त्याने," नातू कुजबुजला.

कडी तळाला टेकली. बारीकसा आवाज झाला.

नातवाने रायफल सावकाश खाली घेतली आणि चादरीत गुंडाळली. माझ्यापेक्षा नीट. दाखला टेबलावरच राहिला. समितीचं नावही त्याने काढलं नाही. उजवा पाय ओढत तो निघाला. दाराशी थांबून आत्यांना म्हणाला, "चला बाई, घर दाखवा."

रायफल संग्रहालयात गेलीच नाही, त्यामुळे मला काम मिळालं नाही. मिळालं नाही आणि गेलंही नाही. माझं खातं बरोबरीत सुटलं. घेतलं आजोबांनी, खोडायला लावलं नातवाने, खोडलं मी. फेडतात मात्र आत्या. परवा बाजारात भेटल्या, हातात पांढऱ्या कापडाचा गठ्ठा. एवढं कशाला, विचारलं.

"त्याच्या पायाच्या पट्ट्यांना. डॉक्टरांनी तीनदा तपासलं, म्हणतात पाय ठणठणीत आहे, ओरखडासुद्धा नाही." त्यांनी गठ्ठा काखेत घेतला. "मग रोज सकाळी मी बादलीत धुते ते काय, तेवढं त्यांना विचारून सांगा."