उसना खांब

भीमसिंगचा रूपसिंग, रूपसिंगचा रामसिंग आणि रामसिंगची एकुलती एक जमनी. दिग्रसजवळच्या तांड्याबाहेरचे, शेतातले सागवानी घर याच क्रमाने जमनीबाईंकडे आले होते. नऊ खांब, तीन तुळया, वर कवेलूंचे छप्पर. भिंती केवळ आडोशापुरत्या. सारा भार लाकडावर. मरताना रामसिंगांनी लेकीकडून एकच वचन घेतले होते : घर पडू द्यायचे नाही.

चैत्रात कवेलू फेरायला आलेले सदाशिवराव सुतार मधल्या खांबापाशी थबकले.

"बाई, हा उलटा हाये. बुडखा वर, शेंडा खाली."

"उसना हाये तो. उसनं लाकूड उलटंच उभं करतात, घरानं आपलं म्हणू नये म्हणून. आमच्या पणज्यानं शेजारच्या डोमाजीच्या पणज्याकडून चार महिन्यांसाठी आणलता."

"लय लंबे झाले चार महिने!" सुतार हसले, आणि सहज त्यांनी खांबाच्या पायाशी आगपेटीची काडी सरकवली. खांब आणि त्याखालचा दगडी तळखडा यांमधून ती आरपार निघाली.

हसू तिथेच थांबले.

दुसऱ्या दिवशी त्या फटीत बोट गेले. तिसऱ्या दिवशी मूठ. घरात नुकत्याच तासलेल्या सागाचा वास भरला होता. जमनीबाईंनी स्वतः टेप धरला. खांब नऊ फूट. तळखड्यापासून तुळईपर्यंत उंची नऊ फूट. वर खांब तुळईला घट्ट भिडलेला, आणि खाली मूठभर फट.

"टेप बदला."

"हा दुसराच हाये, बाई."

चौथ्या दिवशी दुपारी डोमाजी आला. ओसरीच्या कडेला उभा राहिला.

"खांब मागाले नाही आलो, बाई. आमच्या अंगणात रिकामा तळखडा हाये, पणज्यानं मांडलेला. चार दिवसांपासून त्याच्यावर खांबासारखी सावली पडून राह्यली. वर तं काहीच नाही. तुमाले विचारावं म्हटलं."

जमनीबाईंनी तुळईकडे पाहिले. मग म्हणाल्या, "सदाशिवराव, टेकू लावा. खांब डोमाजीकडे जाईल."

"अन् छप्पर बसलं तं?"

"बसलं तं बसलं. म्या बापाले शब्द देला, त्याच्या आधी बापाच्या आजानं यांच्या पणज्याले देला. पहिला तो."

टेकू लागले. खांब काढायला चौघे वाकले. उचलायला दोघे पुरले.

डोमाजीच्या अंगणातला तळखडा मधोमध झिजून खोलगट झालेला होता. कडा तेलकट हातांनी काळ्या पडलेल्या.

"यावर काय उभं होतं?"

"काहीच नाही, बाई. कधीच."

खांब त्या खोलगट जागी, बुडखा खाली, ओळंबा न लावता सरळ बसला. सावली त्याच्या पायथ्याला येऊन मिळाली.

"फिटलं, बाई," डोमाजी हलकेच म्हणाला. "पुरं फिटलं."

घरी परतल्यावर सदाशिवरावांनी एकेक टेकू काढला.

तुळई हलली नाही. करकरलीसुद्धा नाही.

जमनीबाई रिकाम्या तळखड्यापाशी वाकल्या. याच खांबाला पाठ टेकून त्या पाटी गिरवायला शिकल्या होत्या.

दगडावर खांबाचा वण नव्हता, जणू त्यावर कधी काही उभेच राहिले नव्हते. टाकीचे घाव ताजे होते, आणि त्यांतली पांढरी भुकटी त्यांच्या बोटांना लागली.