काळी तीन

ही घटना खरी आहे. शपथ घेऊन सांगणार नाही, कारण ज्यांच्या बाबतीत ती घडली ते माझे काका शपथ घेत नाहीत. त्यांचं ‘हो’ म्हणजे हो.

रात्रबित्र नव्हती. शनिवार होता, दुपारचे तीन.

काका चर्चमधले खोलीएवढे मोठे, नळ्यांचे पाईप ऑर्गन सुरात लावतात. सगळे त्यांना सूरकाका म्हणतात. हे दोन माणसांचं काम. एकाने बाहेर स्टुलावर बसून पट्टी दाबून धरायची, दुसऱ्याने ऑर्गनच्या पोटात शिरून त्या पट्टीची नळी सुरात आणायची. झालं की आतून ओरडायचं, “पुढची!”

तीस वर्षं बाहेर काकू बसल्या. बुटक्या होत्या, स्टूल पार पुढे ओढून घ्यायच्या. आणि वरच्या सप्तकातली तिसरी काळी पट्टी हमखास विसरायच्या.

“अगं, काळी तीन खाल्लीस!”

“तुमचे कान शाबूत आहेत का, बघत होते,” काकू म्हणायच्या.

त्या शनिवारच्या वर्षभर आधी काकू गेल्या.

शेवटच्या दिवशी हॉस्पिटलमध्ये त्यांनी काकांचा हात घट्ट धरला होता. “अहो, भीती वाटतेय. माझ्याबरोबर प्रभूची प्रार्थना म्हणा ना.”

काकांच्या तोंडून शब्द फुटेना. “पाणी आणतो,” म्हणून ते बाहेर सटकले. पेला घेऊन परतले, तेव्हा... सगळं संपलं होतं.

त्यानंतर काकांनी प्रार्थना केली नाही. कुठल्या तोंडाने करणार?

त्या शनिवारचं काम शेवटचं, असं त्यांनी चर्चच्या पाळकसाहेबांना सांगून टाकलं होतं. पट्ट्या दाबायला खुद्द पाळकसाहेब बसणार होते. तेवढ्यात त्यांना बोलावणं आलं. एक बाई अखेरच्या घटका मोजत होत्या.

“जा लवकर,” काका म्हणाले. “अशा वेळी उशीर करू नये.”

काका एकटे उरले.

पट्टीवर शिशाचं वजन ठेवायचं, आत शिरायचं, नळी लावायची, बाहेर यायचं, वजन सरकवायचं. चार पट्ट्यांत गुडघ्यांनी हात टेकले. पाचवी नळी लागली आणि सवयीने त्यांच्या तोंडून निघून गेलं...

“पुढची!”

जीभ चावली त्यांनी. बाहेर होतंच कोण?

मग... सूर थांबला.

आणि पुढचा वाजला.

काकांनी पळावं तर ऑर्गनमधून बाहेर पडायचं दार एकच, आणि ते स्टुलाशेजारीच. हात मात्र आपोआप नळीकडे गेले.

“पुढची...”

वाजली.

“पुढची...”

वाजली.

वरचं सप्तक आलं. काळी एक झाली. काळी दोन झाली. मधल्या दोन पांढऱ्या झाल्या. काका कान देऊन थांबले...

काळी तीन वाजलीच नाही. तिच्या पलीकडची पांढरी वाजली.

काका त्या अंधारात ओक्साबोक्शी रडले. ‘काळी तीन खाल्लीस’ असं ओरडायची हिंमत काही झाली नाही.

शेवटची पट्टी आली. नळी लागली.

“झालं,” काका म्हणाले.

सूर थांबेना.

“झालं गं...”

थांबेना. एकटाच, बारीक, ताणलेला. कुणीतरी कशाची तरी वाट पाहत असल्यासारखा.

काय हवंय ते काकांना कळलं. “प्रभू, मलाही भीती वाटतेय,” ते म्हणाले. “पण आज मी पळणार नाही.” आणि त्यांनी तीच प्रार्थना म्हटली. अडखळत, मधलं विसरत, पुन्हा पहिल्यापासून. अख्खी.

“आमेन.”

सूर थांबला.

बाहेर चिटपाखरू नव्हतं. शिशाचं वजन खाली जमिनीवर नीट ठेवलेलं होतं. आणि स्टूल... पार पुढे ओढलेलं होतं.

पाळकसाहेब परतले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. “काका, मेलेलं माणूस असं परत येत नसतं.”

“मीही तेच मानतो,” काका म्हणाले. “मग कोण होतं?”



काकांनी काम सोडलं नाही. रोज प्रार्थनाही करतात. तिथली काळी तीन मात्र त्यांनी अजून लावलेली नाही. कुणाला लावूही देत नाहीत.

परवा मी त्यांच्याजवळ बसलो होतो. एकदम माझा हात धरून त्यांनी विचारलं,

“ती वर्षभर घाबरूनच बसली असेल का रे?”