चार वाईट शब्द

चर्चमध्ये वेळेआधी येणाऱ्याला एकच बक्षीस मिळतं, खुर्च्या मांडायचं काम. धाकटी परिषदेला लवकर पोचली तेव्हा तिच्या हातात बॅग होती, पाच मिनिटांत तिथे खुर्ची आली. समोरच्या टोकाकडून एक उंच तरुण पाळक रांग मांडत मागे मागे सरकत येत होता. मधोमध दोघांच्या पाठी एकमेकींवर आदळल्या.

“माफ करा,” तो म्हणाला. “पण तुमची रांग वाकडी आहे.”

“माझी सरळच आहे. तुमची वाकडी आहे, म्हणून माझी तशी दिसते.”

“हे प्रवचनात का सांगत नाही? पुष्कळांना लागू पडेल.”

“मला प्रवचन देत नाहीत. खुर्च्या देतात.”

तो हसला, तसा चष्मा नाकावरून घसरला. दोन्ही हातांत खुर्च्या होत्या. तिने बोटाने तो चष्मा वर सरकवला... आणि आपण काय केलं हे ध्यानात येताच पुढची रांग मांडायला निघून गेली. पुढे रांग नव्हती, भिंत होती.

धाकटी घरापासून लांब, चर्चच्या मंडळीने चालवलेलं मुलींचं वसतिगृह सांभाळायची. मंडळी तिच्या या कामाला सेवा म्हणत, नातेवाईक खूळ म्हणत. तिथल्या सेविकांमध्ये ती वयाने लहान, म्हणून धाकटी. परिषद होती नेतृत्वावर. गट पाडले, रंगीत पेनं वाटली, आणि प्रत्येक गटाने भल्यामोठ्या कागदावर ‘नेता हा सेवक असतो’ असं लिहून आणलं. अध्यक्षांनी प्रत्येक वेळी नव्याने मान डोलावली.

ती आणि पाळक एकाच गटात. कामं वाटून घेताना दोघांच्या वाट्याला कप विसळणं आलं. कोणी दिलं नव्हतं, त्यांनीच मागून घेतलं. तो विसळायचा, ती पुसायची आणि वसतिगृहातल्या गमती सांगायची. चहा संपला तरी कप संपत नव्हते.

शेवटच्या दिवशी नेमणुका व्हायच्या. या मंडळीची एक जुनी रीत होती. आपली जागा आपण मागायची नाही. ओळखणाऱ्या दोघांनी सभेत उभं राहून माणसाबद्दल बोलायचं, आणि ज्याच्याबद्दल जास्त चांगलं बोललं जाईल त्याला जास्त अवघड जागा. त्यामुळे आळशी माणसं शहरात सुखाने नांदत, गुणी माणसं आडरानात झिजत, आणि बेरकी माणसं मित्रांना आधीच सांगून ठेवत, बाबा रे, बेताचंच बोल. यंदा दोन जागा रिकाम्या होत्या. एक पाळकाच्या गावच्या वसतिगृहातली. दुसरी लांबच्या बेटावरची. तिथे मुदत पाच वर्षांची, खोली एका माणसापुरती, आणि बोट समुद्राच्या मर्जीने.

“उद्या माझ्याबद्दल तुम्हाला बोलायला लावणार आहेत,” कप पुसत धाकटी म्हणाली.

“कळलं मला.”

“मग वाईट बोला.”

“किती वाईट?”

“वसतिगृह मिळेल इतकं. तुमच्या गावचं.”

त्याच्या हातातला कप भरून वाहू लागला. “आमच्या गावचं... का?”

“पाण्याची सोय चांगली आहे म्हणतात.”

“कोण म्हणतं? दिवसाआड येतं.”

“मग पाण्यासाठी नसेल —” ती म्हणाली, आणि पुसलेलीच बशी पुन्हा पुसू लागली.

त्याने नळ बंद केला.

“आळशी म्हणू?” त्याने हळूच विचारलं.

“म्हणा.”

“भांडखोर?”

“म्हणा की. निदान एक तरी खरं असू दे.”

दुसऱ्या दिवशी आधी तिच्या वसतिगृहाच्या मोठ्या बाई उठल्या. “मुलगी वाईट नाही,” त्या म्हणाल्या. “सांगितलं तेवढं करते. डोकं बेताचंच आहे. फार अपेक्षा ठेवू नयेत.” धाकटीने मान खाली घातली. हसू लपवायला दुसरी जागा नव्हती.

मग पाळक उभा राहिला. “ही भगिनी...” म्हणाला आणि थांबला. त्याने बाईंकडे पाहिलं. धाकटी डोळ्यांनी विनवत होती, आळशी म्हणा, नुसतं आळशी म्हणा, पुढचं मी बघते.

“बाई म्हणाल्या ते खरं नाही,” तो म्हणाला.

स्वयंपाकीण सोडून गेली तेव्हा महिनाभर सगळ्या मुलींचा स्वयंपाक हिने एकटीने केला. तापाने फणफणलेल्या मुलीला पाठीवर घेऊन दवाखाना गाठला. पळून गेलेल्या मुलीला न रागावता परत आणलं, आणि ती का पळाली हे आजवर कोणाला सांगितलं नाही. कप पुसताना हे सगळं तिने त्याला हसवायला सांगितलं होतं. तो मात्र हसत नव्हता. त्याचा आवाज चढत गेला, सभा शांत होत गेली. तिच्याबद्दल इतकं चांगलं जन्मात कोणी बोललं नव्हतं. ऐकता ऐकता तिला दोन गोष्टी कळल्या — या माणसाचा आपल्यावर जीव जडलाय, आणि आपण बेटावर निघालोय.

“भगिनी, बेटावरची सेवा स्वीकारता?” अध्यक्षांनी विचारलं.

नाही म्हणता आलं असतं. पण मग त्याने सांगितलेली ती, या सगळ्यांदेखत खोटी पडली असती.

“स्वीकारते,” ती म्हणाली. टाळ्या मोठ्या बाईंनीही वाजवल्या.

बसपाशी तो तिची बॅग धरून उभा होता.

“चार वाईट शब्द नाही निघाले तोंडातून?”

“पाठ केले होते. पण बाईंच्या तोंडून ऐकले, आणि मग... मला नाही जमलं.”

“त्या वाईट बोलल्या आणि मला गाव मिळत होतं. तुम्ही चांगलं बोललात.”

“मी थांबेन. पाच वर्षं.”

“नका थांबू. तेवढ्यात तुमच्याबद्दलही कोणीतरी चांगलं बोलेल.”

त्याने बॅग दिली. बोटं क्षणभर पट्ट्यातच राहिली... मग कंडक्टरने घंटा मारली.

बस गावाबाहेर पडली तेव्हा आईचा फोन आला. परिषद कशी झाली, जेवायला काय होतं, हे झाल्यावर ती आवाज उतरवून म्हणाली, “कोणी भेटलं का गं तिकडे?”

“भेटला एक. माझ्याबद्दल फार चांगलं बोलतो.”

“अगं, मग सोन्याहून पिवळं. त्याला म्हणावं घरी ये, आमच्याशी बोल.”

“नको आई,” धाकटी म्हणाली. “तुझ्यासमोर आणखी चांगलं बोलेल.”