चारपर्यंत थांबते

रविवार, ६ ऑक्टोबर. सकाळपासून ढगाळ, वारा पडलेला. दुपारी दोन वाजता स्वयंपाकघरात २९ अंश. फ्रीज ३, फ्रीझर उणे १८.

आज फ्रीज जायचा होता. भाचीने ठरवलेला टेम्पो पाच वाजता येणार होता. त्याआधी दोन दारांचा हा कपाटाएवढा फ्रीज रिकामा करून, पुसून, प्लग काढून तयार ठेवायचा होता. काम साधं. गेली नऊ वर्षं मी त्याची सफाई दर तीन महिन्यांनी, पहिल्या रविवारी करत आलोय. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा, दाराच्या रबराच्या घड्यांसाठी जुना टूथब्रश, खालच्या जाळीमागची धूळ काढायला लांब दांड्याचा ब्रश. प्रत्येक सफाईची नोंद वहीत आहे. आजचं मात्र एका ओळीत मावणार नाही.

फ्रीज आला ताईमुळे. ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. भावोजी गेल्यावर ती माझ्याकडे राहायला आली आणि पहिल्याच आठवड्यात जुन्या, एका दाराच्या फ्रीजवरून आमचं वाजलं. मी बरण्या उंचीप्रमाणे लावायचो, ती त्यांच्या डोक्यावर पातेलं ठेवून मोकळी व्हायची. शेवटी मी हा आणला. डावं दार फ्रीझरचं, ते ताईचं. उजवं माझं.

"वाटण्या झाल्या एकदाच्या," ती म्हणाली.

तिला एक खोड होती. डावं दार उघडायचं आणि तिथेच उभं राहायचं. काढायचं काही नसायचं. गार वाफ तोंडावर घ्यायची, बर्फाचा एक खडा तोंडात टाकायचा आणि कुडुम कुडुम चावायचा. दार मिनिटभर उघडं राहिलं की हा फ्रीज टुंग टुंग वाजायला लागतो. मी बाहेरच्या खोलीतून ओरडायचो, "ताई, दार!"

"लावते रे घड्याळा. तुझा उत्तर ध्रुव वितळत नाही."

घड्याळ हे तिने मला लहानपणी ठेवलेलं नाव.

शेवटच्या वर्षी औषधांनी तिचं तोंड आतून सोलून निघालं होतं. जेवण जात नसे, पाणीसुद्धा झोंबे. चालायचा तो फक्त बर्फ. मी तिच्यासाठी डाव्या दाराशेजारी लाकडी स्टूल ठेवलं. तिथे ती गुडघ्यांना बाम चोळत बसायची आणि मी वाटीतून खडे द्यायचो. फ्रीजच्या आत बर्फ आपोआप तयार करणारं यंत्र आहे. ते तेवढ्या दिवसांत जितकं चाललं तितकं आधीच्या आठ वर्षांत चाललं नसेल.

७ एप्रिलला पहिला रविवार होता. माहितीपुस्तिकेत लिहिलंय की सफाईच्या वेळी बर्फाचं यंत्र बंद करावं, डबा रिकामा करून धुवावा आणि पूर्ण वाळल्यावरच परत बसवावा. मी दीड वाजता तसं केलं. डबा खिडकीत वाळत होता. तीनच्या सुमारास ताई भिंत धरत आली आणि स्टुलावर बसली.

"घड्याळा, एक खडा दे ना."

"आज सफाई आहे ताई. यंत्र बंद आहे. चारपर्यंत होईल."

समोरच्या दुकानात बर्फ मिळत होता. शेजारी मागता आला असता. हे मला तेव्हा सुचलं नाही असं नाही. सुचलं, पण डबा वाळतच आला होता आणि मला काम अर्धवट टाकायला आवडत नाही.

"चारपर्यंत?" ती म्हणाली. "बरं. थांबते."

मी जाळी घासत राहिलो. तीन चाळीसला मान वर केली तेव्हा तिचं डोकं डाव्या दाराला टेकलेलं होतं.

भाचीने विचारलं होतं, "मामा, आई शेवटी काही म्हणाली का रे? काही हवं होतं का तिला?"

मी म्हणालो, "नाही गं. झोपेतच गेली."

बर्फाचं यंत्र त्या दिवसापासून बंदच ठेवलं. भिंतीतला पाण्याचा कॉकही बंद केला.

जुलैच्या पहिल्या रविवारी मी सफाई उरकून बाहेरच्या खोलीत वहीत लिहीत बसलो होतो. भर दुपार, बाहेर ऊन. स्वयंपाकघरातून खळ्ळ असा आवाज आला. रिकाम्या डब्यात बर्फ पडतो तसा. मग फ्रीज वाजायला लागला... टुंग, टुंग. हात लिहीत होता आणि तोंडातून सवयीने गेलं, "ताई, दार!"

आवाज थांबला नाही. मी उठून दारापर्यंत गेलो. फ्रीझरचं दार चार बोटं उघडं होतं. गार वाफ जमिनीवर उतरून स्टुलाच्या पायांभोवती फिरत होती. फ्रीझरला कसलाच वास नसतो, मी तो राहूच देत नाही. त्या वाफेला बामचा वास होता. मी आत गेलो नाही. चारला दार आपणहून लागलं. नंतर डबा पाहिला. कोरडा.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिक आला. त्याने फ्रीजकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"घरात कितीजण, काका?"

"मी एकटा."

"मग अर्ध्या फ्रीजमध्ये भाडेकरू ठेवा."

तो आडवा झाला, पट्टीने पातळी पाहिली आणि पुढचे दोन्ही पाय दीड-दीड फेरा वर केले. फ्रीज किंचित मागे कलला. आता दार अर्धवट सोडलं तरी आपल्या वजनाने लागणार. त्याने तीनदा करून दाखवलं. "आता कोणी धरून ठेवलं तरच उघडं राहील," तो म्हणाला.

त्यानंतरच्या प्रत्येक रविवारी ते उघडं राहिलं. तीन चाळीसला उघडायचं, चारला लागायचं. बाकी सहा दिवस काही नाही. तो पहिला धरून वहीत असे तेरा रविवार आहेत, फ्रीझर उणे अकरापर्यंत चढल्याच्या नोंदीसकट. पहिली वेळ सोडली तर दर वेळी मी बाहेरच्या खोलीत भिंतीला पाठ लावून बसून होतो. म्हणून भाचीने परवा सहज म्हटलं, "मामा, तुला एकट्याला एवढा फ्रीज कशाला, मला दे," तेव्हा मी तिचं वाक्य पुरं होऊ दिलं नाही. हो म्हणालो. तिच्याकडे दोन मुलं, त्यांना बर्फ हवा, म्हणून काल सकाळी कॉक उघडून यंत्र चालवून पाहिलं. पुस्तिकेप्रमाणे पहिला बर्फ टाकून दिला. आज सकाळी डबा अर्धा भरलेला होता.

भाची तीनलाच आली.

"अरे, अजून पुसतोयस? मी काय प्रदर्शनात ठेवणारे का तो?"

"रबरात काळं राहिलं की दार नीट बसत नाही."

"आई म्हणायची ते खरंय. तुझ्याशी लग्न करायला फ्रीजच पाहिजे होता." ती हसत स्टुलावर बसायला गेली.

"तिथे नको बसूस," मी म्हणालो. जरा जोरातच.

तिने माझ्याकडे पाहिलं आणि ओट्याला टेकून उभी राहिली.

उजवी बाजू झाली. राहिला बर्फ. यंत्र बंद करायचं, डबा ओतायचा, धुवायचा. मी डबा बाहेर काढला, सिंकवर तिरका केला. पहिले दोन खडे सिंकमध्ये पडले आणि माझे हात थांबले. एप्रिलमध्ये मी इथेच उभा होतो. हाच डबा, हाच तिरपा हात.

"मामा? काय झालं?"

घड्याळात तीन एकोणचाळीस झाले होते.

"बाहेर चल," मी म्हणालो. "बाहेर बसू आपण."

"पण डबा..."

मागे रबर सुटल्याचा चुटकीएवढा आवाज झाला. डावं दार हळूहळू उघडत आलं. चार बोटं. थांबलं. वाफ खाली उतरली, स्टुलापाशी आली.

भाची हलली नाही. तिने श्वास घेतला. मग अगदी हळू म्हणाली, "मामा... बाम."

"हो."

"आईचा."

"हो."

मिनिट संपलं आणि फ्रीज वाजू लागला. टुंग... टुंग... डबा हातात धरूनच मी तिला सगळं सांगितलं. सफाई, दुकान, वाळत ठेवलेला डबा, आणि वहीतले तेरा रविवार, माझ्या "ताई, दार!"सकट. "झोपेत गेली हे खोटं होतं. बर्फ मागितला होता तिने. एक खडा. मी म्हणालो, चारपर्यंत होईल."

"आणि ती?"

"बरं म्हणाली. थांबते म्हणाली."

मला वाटलं ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने ओढणीने डोळे पुसले, दाराच्या फटीकडे पाहिलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"हे दार कधी लागतं?"

"चारला. दर रविवारी, बरोबर चारला."

"अरे मामा," ती म्हणाली. आवाज फुटत होता, तरी त्यात ताईचाच ठसका होता. "एवढ्या नोंदी केल्यास, आणि हे नाही कळलं तुला? ती थांबलीय. तू सांगितलंस तेवढं थांबते आणि हात हलवत जाते. तेरा वेळा आली, आणि तू बाहेर बसून ओरडलास, ताई दार?"

मी डबा ओट्यावर ठेवला.

"वाटी कुठली होती तिची?"

मी स्टीलची छोटी वाटी काढली. कापडाने पुसून कोरडी केली. डब्यातून खडे घातले, सात. वाफेत पाऊल टाकलं. पायांना गारवा लागला, पण गुडघ्यापाशी उबदार होतं, जवळ कोणी बसलं असावं तसं. वाटी स्टुलावर ठेवली.

"ताई," मी म्हणालो. "उशीर झाला."

मग आम्ही बाहेरच्या खोलीत जाऊन बसलो. भाचीने माझं मनगट धरलं होतं. टुंग टुंग चालूच होतं. बराच वेळ दुसरं काही नाही. आणि मग...

कुडुम.

भाचीची बोटं आवळली.

कुडुम कुडुम. सावकाश, एकेक. मध्ये थांबून, तोंडात घोळवल्यासारखं, मग पुन्हा.

"दात जातील गं तिचे," मी म्हणालो. ताई असताना ती बर्फ चावायला लागली की दर वेळी हेच म्हणायचो. भाची एकदम हसली, आणि हसता हसता तिने तोंड माझ्या खांद्यात लपवलं.

आतून दार लागल्याचा आवाज आला. टुंग टुंग बंद झालं. मी घड्याळ पाहिलं. तीन बावन्न.

आम्ही जरा वेळाने आत गेलो.

"यंत्र चालू आहे ना?" भाचीने विचारलं.

"चालू आहे. बंद करायचं राहूनच गेलं."

"राहू दे. टेम्पोवाल्याला मी सांगते."

टेम्पो ५.१० ला आला, ५.१५ ला रिकामा गेला. रात्री आठला फ्रीज ३, फ्रीझर उणे १८. वाटीत घातलेले खडे सात. आत गेलो तेव्हा उरलेले चार. वाटी कोरडी, वितळल्याचं पाणी नाही.